दुसरा क्लाइन

जोसेफ लोझीच्या ‘मस्यू क्लाइन’मध्ये ज्या माणसाचा दोन तास शोध चालतो, त्याचा चेहरा आपल्याला अखेरपर्यंत दिसत नाही. त्याची भाड्याची खोली दिसते, त्याचा कुत्रा दिसतो, त्याच्यात जीव गुंतलेल्या बायका भेटतात, एकदा फोनवर त्याच्याशी बोलणं होतं. शेवटी गर्दीतून वर झालेला एक हात. बस, एवढाच तो आपल्या वाट्याला येतो. १९७६ साली आलेल्या या फ्रेंच चित्रपटाच्या नायकाचं नाव रॉबेर क्लाइन, आणि तो ज्याच्या मागावर आहे त्याचंही नाव रॉबेर क्लाइनच.

काळ १९४२चा. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे आणि उरलेल्या फ्रान्सचा कारभार व्हिशीतून मार्शल पेतँ यांचं सरकार बघतंय. ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या आहेत, दुकानं गेली आहेत. ज्यांना जमेल ते पळून जाण्याच्या खटपटीत आहेत, आणि पळायला रोख पैसा लागतो. अशा लोकांकडून चित्रं आणि जुन्या मौल्यवान वस्तू पडेल भावात विकत घेणं हा रॉबेर क्लाइनचा धंदा. रू द्यु बाकवर त्याचं देखणं घर आहे. रेशमी झगा अंगावर, चेहऱ्यावर झोपेतून उठल्याचा आळस, आणि समोर ओस्ताद या जुन्या डच चित्रकाराचं एक चित्र घेऊन आलेला अडलेला माणूस. अलँ दलों हा प्रसंग असा करतो की त्याच्याकडे बोट दाखवावं असं काहीच सापडू नये. आवाज चढत नाही, कुणाचा अपमान होत नाही. समोरच्याची अडचण त्याला नेमकी ठाऊक आहे, आणि भाव पाडताना तो सौजन्य सोडत नाही. चित्र घेऊन झाल्यावर तो त्या माणसाला दारापर्यंत पोचवायला जातो, तर उंबऱ्यात एक वर्तमानपत्र पडलेलं असतं. ज्यूंसाठी निघणारं, फक्त वर्गणीदारांच्या घरी टपालाने येणारं. त्यावर नाव छापलेलं असतं, रॉबेर क्लाइन.

आता आपण असतो तर काय केलं असतं? जे कोणताही सरळमार्गी माणूस करील, तेच हा करतो. आधी त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो. तिथे कळतं की वर्गणीदारांची यादी पोलिसांकडे असते. मग तो आपणहून पोलिसांकडे जातो आणि सांगतो की काहीतरी घोटाळा झालाय, तो मी नव्हेच. पोलीस शांतपणे ऐकून घेतात. आणि त्या क्षणापासून पोलिसांच्या दप्तरात तो येतो. जो माणूस एवढ्या तातडीने येऊन ‘मी तो नाही’ म्हणतो, तो तोच असणार, आणि तक्रारीच्या आडून लपत असणार, असं पोलिसांना का वाटू नये? पुढे तो जितका खुलासा करत जातो, तितका गुंता वाढतो. पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आपल्या इतिहासात आहे. तिथे माणूस दुसऱ्याच्या नावावर हक्क सांगत होता आणि पुण्याचा दरबार ते नाव त्याच्या अंगावरून उतरवू पाहत होता. क्लाइनचं संकट बरोबर उलटं आहे. तो नाव झटकतोय, आणि राज्ययंत्रणा ते त्याच्या अंगाला चिकटवत चालली आहे.

संशयाने भारलेले थरारपट सत्तरच्या दशकात पुष्कळ निघाले. अमेरिकेत ‘द पॅरॅलॅक्स व्ह्यू’ आला, ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ आला, फ्रान्समध्ये दशकाच्या शेवटी ‘ई कॉम इकार’. हे चित्रपट मला मनापासून आवडतात, पण त्यांची जात एक आहे. कुठेतरी आत, बंद दारामागे, कुणीतरी कट रचलेला असतो. नायक एकेक दार उघडत तिथवर पोचतो, किंवा पोचण्याआधी मारला जातो. ‘मस्यू क्लाइन’ पाहताना आपणही त्याच सवयीने दुसऱ्या क्लाइनची वाट बघत बसतो. कोण आहे तो? ज्यू आहे, की प्रतिकार चळवळीतला, की दोन्ही? यानेच मुद्दाम आपलं टपाल या श्रीमंत नामबंधूच्या पत्त्यावर वळवलं का? आणि आपण असे गुंतलेले असताना लोझी मध्येच, कसलाही खुलासा न करता, दुसरीच दृश्यं दाखवत राहतो. पोलीस कचेरीतली कार्डं. नकाशे. गाड्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो याची घड्याळ लावून घेतलेली रंगीत तालीम. नायकाला यातलं काहीही दिसत नाही. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाही ही दृश्यं अडगळ वाटतात, कारण आपलं लक्ष त्या बेपत्ता माणसात असतं.

मी हा चित्रपट पुन्हा पाहते ती या दृश्यांसाठी. इथे कट नाहीच, कचेरी आहे. तिला पत्ता आहे, कामाच्या वेळा आहेत, पगारी माणसं आहेत. जे भयंकर आहे ते लपवलेलं नाही, ते टेबलावर मांडलेलं आहे, आणि क्लाइन त्याच्याच शेजारून एका माणसाला शोधत फिरतो आहे.

ती कचेरी खरी होती. सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन हुकूम निघाला की व्याप्त भागातल्या ज्यूंनी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवावं. पॅरिस परिसरात जवळपास दीड लाख लोक गेले आणि रांगेत उभे राहून नोंद करून आले. त्यातले पुष्कळ जण पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेले. कायदा पाळणाऱ्याला कायद्याची भीती कशाला, असं त्यांना वाटलं असणार. क्लाइनही पोलिसांकडे जातो तो याच विश्वासाने. या नोंदींवरून पोलीस मुख्यालयात आंद्रे त्युलार या अधिकाऱ्याने कार्डांची एक मोठी सूची उभी केली. एक माणूस चार तऱ्हांनी सापडावा अशी तिची रचना होती: नावाने, राष्ट्रीयत्वाने, राहत्या रस्त्याने आणि व्यवसायाने. फ्रेंच नागरिक असलेल्या ज्यूंना निळं कार्ड, परदेशी असलेल्यांना नारिंगी, कुठल्याच देशाचे न राहिलेल्यांना फिकट पिवळसर. आज ही माहिती वाचताना अंगावर काटा येतो तो त्या रचनेतल्या हुशारीमुळे. ते काम कुणीतरी मन लावून केलेलं आहे.

ज्यू कोण, हे ठरवायला व्हिशी सरकारने ऑक्टोबर १९४०मध्ये कायदा केला आणि जून १९४१मध्ये तो अधिक कडक केला. आजी-आजोबांपैकी तिघे ज्यू असले तर तुम्ही ज्यू. जोडीदार ज्यू असेल तर दोघे पुरेत. कायदा वंशाची भाषा बोलत होता. पण आजोबा कुठल्या वंशाचे हे ओळखायचं कसं, तर ते कुठल्या धर्माचे होते यावरून. म्हणजे रक्ताचा म्हणून जो पुरावा मागितला जात होता, तो अखेर चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद होता. ज्याला संशयातून सुटायचं असेल त्याने दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे दाखले गोळा करायचे. क्लाइन आपल्या म्हाताऱ्या वडिलांकडे जातो तेव्हा ते संतापतात. आपण चौदाव्या लुईच्या काळापासून फ्रेंच आणि कॅथलिक आहोत, हे काय विचारणं झालं! आणि मग त्याच बोलण्यात ते हॉलंडकडच्या कुणा क्लाइन शाखेचा ओझरता उल्लेख करतात. क्लाइनच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, तिथून पुढे त्याला स्वतःबद्दलही खात्री देता येत नाही. एका आजीचा दाखला अल्जीरियातून यायचा असतो. तो येता येत नाही.

हा प्रसंग मला फार आत लागतो. माझ्या आजीचा जन्म ‘मोठा पूर आला त्या वर्षी, श्रावणात’ एवढाच सांगितला जायचा. आजोबांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. घरात यावरून कधी कुणाला चिंता वाटली नाही, कारण ते कोण होते हे गावाला ठाऊक होतं. माणूस कोण आहे हे आजूबाजूच्यांना ठाऊक असणं आणि ते कागदावर सिद्ध होणं यांत केवढं अंतर आहे, ते कुणीतरी कागद मागेपर्यंत कळत नाही. पॅरिसमध्ये तो मागितला गेला, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याच्या जिवावर बेतलं.

कागदावर भागलं नाही तर शरीर मोजायचं. चित्रपट सुरू होतो तो अशाच एका तपासणीने, आणि तिचा पुढच्या कथेशी उघड संबंध काहीच नाही. एक मध्यमवयीन बाई विवस्त्र उभी आहे. डॉक्टर तिचा जबडा, नाक, हिरड्या तपासतो, तिला चालायला लावतो आणि निरीक्षणं लिहून घ्यायला सांगतो. गुरं पारखतात तशी. वर तपासणीची फी तिलाच भरावी लागते. बाहेर तिचा नवरा, त्याचीही अशीच तपासणी झालेली. दोघं एकमेकांना धीर देण्यासाठी खोटं बोलतात. ही लेखकाची कल्पना नव्हे. जॉर्ज मोंतांदोन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ व्याप्त फ्रान्समध्ये माणसांना तपासून त्यांच्या वंशाबद्दल अभिप्राय देत असे. त्या खोलीत आरडाओरडा नाही, हिंसा म्हणता येईल असं काही नाही. लोझी कॅमेरा हलवत नाही आणि आपल्याला नजर वळवायला जागा देत नाही.

मग क्लाइन पळून का जात नाही? तो जातो. वकील मित्र पियेर, म्हणजे मायकेल लाँसडेल, त्याची मालमत्ता विकायची व्यवस्था करतो. खोटे कागद तयार होतात. दक्षिणेकडच्या गाडीत तो बसतोही. आणि गाडीत त्याला एक तरुणी दिसते, जिचा फोटो त्याने दुसऱ्या क्लाइनच्या शोधात खिशात बाळगलेला असतो. तिच्याकडून कळतं की तो दुसरा अजून पॅरिसमध्येच आहे. सुटका समोर असताना क्लाइन गाडीतून उतरतो आणि परत फिरतो.

नुसतं आपलं निर्दोषपण सिद्ध करायचं असतं तर तो परतला नसता. खोट्या नावाने मार्सेयला पोचला असता, तिथून पुढे कुठेतरी. मला वाटतं, एव्हाना त्याला त्या माणसाशिवाय राहवत नाही. दुसऱ्या क्लाइनसाठी आलेल्या पत्रावरून तो एका दूरच्या वाड्यात जाऊन येतो. तिथे झान मोरोने केलेली फ्लोरांस त्याला भेटते, आणि दुसऱ्यासाठी राखलेलं तिचं मन त्याला दिसतं. मोंमार्त्रच्या रू देझ आबेसवरची दुसऱ्याची खोली दरिद्री आहे, पण तिथे कुणी कुणाची वाट पाहतं, कुणी जीव धोक्यात घालून निरोप पोचवतं. इकडे रू द्यु बाकवरच्या घरात भिंती भरून चित्रं आहेत, आणि त्यातल्या किती चित्रांमागे पळून चाललेलं एकेक घर आहे कुणास ठाऊक. श्रेयनामावली एका विणलेल्या भिंतीपटावर उमटते. त्यात काळजात बाण रुतलेलं गिधाड आहे. तोच पट पुढे लिलावात येतो आणि क्लाइन त्याच्याकडे टक लावून बघत राहतो. दलोंच्या अभिनयातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे बघणं. पश्चात्ताप झालेला माणूस तो दाखवत नाही. आपल्या आयुष्यात काहीतरी नाहीच, एवढं त्याला जाणवतं, आणि ते त्या दुसऱ्याकडे असावं असं वाटून तो त्याच्यामागे धावतो.

दलोंला ही भूमिका परकी नव्हती. १९६०च्या ‘प्लँ सोलेय’मध्ये त्याने श्रीमंत मित्राचा खून करून त्याचं नाव आणि सही चोरणारा रिप्ले रंगवला होता. लोझीच्याच १९७२च्या चित्रपटात तो ट्रॉट्स्कीचा मारेकरी होता, खोट्या नावाने घरात शिरणारा. ‘मस्यू क्लाइन’चा तो निर्माताही आहे. आपला देखणा चेहरा इतक्या अप्रिय माणसाला देण्यासाठी त्याने स्वतःचा पैसा लावला, याबद्दल मला त्याचा नेहमी आदर वाटत आला आहे.

आणि लोझी? तो स्वतः फरारी होता. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला, ब्रेख्तचं ‘गॅलिलिओ’ रंगमंचावर आणणारा हा दिग्दर्शक कम्युनिस्ट पक्षाशी असलेल्या संबंधांमुळे १९५१मध्ये हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला. तिथेही चौकशी समितीसमोर लोकांनी लोकांची नावं सांगितली होती. लोझी युरोपात निघून आला. इटलीत त्याने पहिला चित्रपट केला तोच एका पळून चाललेल्या माणसावरचा, आणि त्यावर दिग्दर्शक म्हणून नाव लागलं आंद्रेआ फोर्झानो या दुसऱ्याच माणसाचं. इंग्लंडमध्ये १९५४च्या ‘द स्लीपिंग टायगर’वर नाव होतं व्हिक्टर हॅनबरीचं. स्वतःच्या कामावर परक्याचं नाव वाचणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नेपथ्यकार अलेक्झांद्र त्रोनेर यांची कथा तर त्याहून जवळची. ते हंगेरीतून आलेले ज्यू. जर्मन ताब्याच्या काळात दक्षिण फ्रान्समध्ये लपून राहत त्यांनी मार्सेल कार्नेच्या ‘ले झाँफाँ द्यु पारादी’ची नेपथ्यं आखली, ती पडद्यावर उभी राहिली दुसऱ्यांच्या हातून. तीस वर्षांनी क्लाइनचं घर, ते जिने, ते बोळ याच माणसाने रचले. ‘बॅटल ऑफ अल्जीयर्स’ लिहिणारा फ्रांको सोलिनास पटकथेला होता. अशा हातांनी घडलेल्या चित्रपटात भय उसनं आणावं लागत नाही.

फ्रान्सने तो फारसा पाहिला नाही. पुढच्या वर्षीचे सेझार पुरस्कार मिळाले, उत्कृष्ट चित्रपटाचा, दिग्दर्शनाचा आणि नेपथ्याचा. पण तिकीटबारीवर तो पडला. आश्चर्य नाही. आलँ रेनेच्या १९५६च्या ‘नुइ ए ब्रुइयार’ या माहितीपटात छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती, तर ती झाकल्याशिवाय परवानगी मिळाली नव्हती. मार्सेल ओफ्यूल्सचा जर्मन ताब्याच्या काळावरचा माहितीपट १९७१मध्ये चित्रपटगृहात लागला, पण फ्रेंच दूरचित्रवाणीवर दिसायला १९८१ उजाडलं. ज्यूंना पकडणारे फ्रेंच पोलीस होते आणि त्याची जबाबदारी फ्रेंच राज्यसंस्थेची आहे, हे राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं ते १९९५च्या जुलैमध्ये, जाक शिराक यांच्या भाषणात. लोझीने ते एकोणीस वर्षं आधी पडद्यावर मांडलं होतं, आणि तेही एका परदेश्याने.

जिची रंगीत तालीम चित्रपटभर चालते ती धरपकड म्हणजे १६ आणि १७ जुलै १९४२ची. पॅरिस आणि उपनगरांत १३,१५२ माणसं पकडली गेली, त्यांतली ४,११५ मुलं. कुटुंबंच्या कुटुंबं शहराच्या नेहमीच्या बसमध्ये घालून वेल दीव या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडली गेली. अन्न नाही, पाणी पुरेसं नाही, उकाड्यात काचेच्या छताखाली काही दिवस. मग छावण्या, आणि तिथून आउशविट्झ. ते मैदान १९५९मध्ये पाडलं गेलं. आत कोंडलेल्या लोकांचा म्हणून एक फोटो वर्षानुवर्षं छापला जात होता. इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी शोधून काढलं की तो १९४४चा आहे, त्यातली माणसं म्हणजे मुक्तीनंतर जर्मनांचे सहकारी असल्याच्या संशयावरून पकडलेले लोक आहेत. बळींच्या नावाखाली भलत्यांचेच चेहरे. त्या दिवसाचा खरा म्हणून जो फोटो उरतो, त्यात मैदानाबाहेर उभ्या असलेल्या बस दिसतात. आतल्या माणसांचा चेहरा आपल्याकडे नाही.

लोझीने इथे इतिहासाशी मोकळीक घेतली आहे. पडद्यावर लोक कोटांत आहेत, मैदान उघडं आहे, आणि तिथून थेट आगगाडीचे डबे लागलेले आहेत. शिवाय जुलैची ती धरपकड मुख्यतः परदेशी आणि राष्ट्रीयत्व गमावलेल्या ज्यूंची होती. क्लाइनसारखा फ्रेंच नागरिक त्या यादीत सहसा नसता. काही इतिहासप्रेमींना हे खटकतं. मला खटकत नाही, कारण ज्याला ‘हे माझ्याबद्दल नाही’ असं वाटत होतं तोच माणूस लोझीला तिथे उभा करायचा होता. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं, रॉबेर क्लाइन. दूर गर्दीत कुणीतरी हात वर करतो. इकडे पियेर तो अल्जीरियाचा दाखला उंच धरून ओरडतोय, सुटका हाताच्या अंतरावर आहे. आणि क्लाइन त्याला ‘येतोच’ असं सांगून त्या हाताच्या दिशेने गर्दीत घुसतो आणि लोंढ्याबरोबर डब्यात ढकलला जातो. त्याच्या मागेच उभा आहे तो ओस्तादचं चित्र विकायला आलेला माणूस. क्लाइन वळून बघत नाही.

राहतो तो दुसरा. त्याच्यावर एक आरोप नेहमी होतो, की स्वतः लपण्यासाठी त्याने एका निरपराध माणसाला पुढे केलं. चित्रपट हे निश्चित सांगत नाही, पण तसं मानायला भरपूर वाव ठेवतो. माझं मत विचाराल तर मी त्या फरार माणसाच्या बाजूने आहे, त्याने तसं केलं असलं तरी. त्या जुलैच्या धरपकडीसाठी सूचीतून २७ हजारांहून अधिक कार्डं काढली होती. म्हणजे ज्यांना न्यायचं होतं त्यांतले निम्म्याहून जास्त लोक पोलिसांना सापडले नाहीत. काही पोलिसांनीच आदल्या दिवशी कानावर घातलं होतं, कुणाला शेजाऱ्याने माळ्यावर लपवलं, कुणी इमारतीच्या राखणदार बाईने ‘ते कधीच गेले’ असं सांगून वाचवलं. पुढची दोन वर्षं नगरपालिकांमधल्या कारकुनांनी खोटे दाखले लिहिले, मुलांनी नवी नावं पाठ केली, कॅथलिक शाळांनी ती नावं हजेरीपटावर चढवली. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना पाठवलं गेलं आणि त्यांतले थोडेच परतले. पण तिथले सुमारे तीन चतुर्थांश ज्यू जगले, आणि त्यांतले कितीतरी अशाच उसन्या नावांवर जगले. रू देझ आबेसवरचा भाडेकरूही त्यांच्यासारखाच लपून होता. ज्या राज्यात खरं नाव सांगणं म्हणजे आपलं कार्ड आपल्या हाताने भरून देणं होतं, तिथे त्याने नाव सांगितलं नाही, आणि लोझीनेही आपल्या सबंध चित्रपटात त्याचा चेहरा कुणाच्या हाती लागू दिला नाही.